जंगलातली जुनी गाडवाट गावाची आहे, हे कागदावर कसं दाखवायचं

गावाचा रस्ता जंगलातून जातो. एक दिवस त्यावर आडवा चर खोदला जातो, नाहीतर पंचायतीनं सुरू केलेलं खडीकरण 'वनजमीन आहे' म्हणून बंद पडतं. ग्रामसभा ठराव घेते की रस्ता पूर्वापार आहे. ठराव जातो आणि उत्तर येतं, पुरावा जोडा. बहुतेक गावांची फाइल इथंच अडते, कारण फाइलीला तारीख लागते आणि ठरावात ती नसते.

मी नागभीड तालुक्यातल्या एका गावच्या वनहक्क समितीची (वनहक्क कायद्याखालचे दावे तपासणारी गावची समिती) सचिव आहे. घरी धानाची शेती, सासरे कोतवाल होते, म्हणून पटवाऱ्याच्या दप्तराची भीती मला कधी वाटली नाही. आमच्या आणि शेजारच्या गावांच्या वाटांचे कागद काढताना जे कळलं ते लिहिते. हे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांना जास्त लागू आहे. वऱ्हाडात आपल्यासारखी मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालकाकडे गाव असायची जुनी पद्धत) नव्हती, तिथले जुने महसुली कागद वेगळे.

सगळ्यात आधी ग्रामसभेत एक गोष्ट ठरवून घ्या. तुम्हाला त्या वाटेनं जायचा-यायचा हक्क मान्य करून हवा आहे, की त्या वाटेवर पक्का रस्ता हवा आहे? हे दोन अर्ज आहेत, दोन वेगळ्या कलमांखाली जातात आणि त्यांचा निर्णय वेगळे लोक घेतात. एकाच अर्जात दोन्ही लिहिलं की डांबराची मागणी नाकारताना वहिवाटही नाकारली जाते. माझं मत पक्कं आहे: आधी वहिवाट मान्य करून घ्या, खडी-डांबराचं नंतर बघा. बंडी, सायकल, तेंदूपत्त्याचे पुडे आणि मयत नेण्यासाठी डांबर लागत नाही, पण अडवू नये यासाठी हक्क लागतो.

आता जमीन ओळखा. पटवाऱ्याकडून गाव नमुना १-अ मागा, त्यात गावातल्या वनजमिनींची नोंद असते. वनरक्षकाकडून कक्ष क्रमांक (वनखात्यानं जंगलाचे पाडलेले तुकडे म्हणजे कक्ष) घ्या आणि ते जंगल राखीव आहे की संरक्षित, हे लिहून घ्या. तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज उपवनसंरक्षक कार्यालयात टाका आणि त्या कक्षाच्या अधिसूचनेची प्रत, तिची परिशिष्टं आणि नकाशा मागा. राखीव असेल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४ ची आणि कलम २० ची अशा दोन्ही अधिसूचना मागा, आणि मधल्या काळात वन जमाबंदी अधिकाऱ्यानं केलेल्या चौकशीचे कागदही मागा. कायद्यानं त्या चौकशीत लोकांना हक्क सांगायला किमान तीन महिने द्यायचे असतात. कुणी तेव्हा रस्ता सांगितला असेल तर तो तिथं लिहिलेला सापडतो. आमच्याकडची जुनी सरकारी जंगलं मात्र १९२७ च्याही आधीची, १८७८ च्या वन कायद्याखाली राखीव झालेली आहेत. तिथं कलम २० शोधत बसू नका, मूळ अधिसूचनेचं वर्ष विचारा.

गावाला लागून असलेलं जंगल बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचं निघतं. ते मालगुजाराचं होतं. १९५० च्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, जंगल सरकारकडे आलं आणि पुढं कलम २९ खाली संरक्षित वन झालं. हा फरक फार कामाचा आहे. संरक्षित वनात कुणाचे काय हक्क आहेत याची चौकशी करून नोंद करायची, असं कलम २९ मध्येच लिहिलं आहे. त्या चौकशीची प्रत मागा. 'अशी चौकशी अभिलेखात आढळून येत नाही' असं लेखी उत्तर आलं, तरी ते जपून ठेवा. चौकशी झालीच नसेल तर रस्त्याचा हक्क त्या वेळी संपला, असं म्हणायला समोरच्याकडे आधार राहत नाही.

सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्या सहाही जिल्ह्यांतल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वनच धरायच्या, असा निकाल दिला आहे. 'ही महसूलची जमीन आहे, वनखात्याचा संबंध नाही' हा जुना युक्तिवाद आता सोडून द्यावा.

आता नकाशे. खरं काम इथं आहे, म्हणून इथं घाई करू नका.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावाच्या जुन्या बंदोबस्ताच्या (जमीन मोजून सारा ठरवला तेव्हाच्या) नकाशाची प्रमाणित प्रत काढा. बंडीची वाट दुहेरी तुटक रेघांनी आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते, तरी त्याच नकाशावरची चिन्हांची सूची पाहूनच वाचा. आता अडचण अशी की सरकारी राखीव जंगल गावाच्या नकाशात नसतंच. दुहेरी रेघ शेतांमधून जाते, शिवेपर्यंत पोचते आणि तिथं संपते. पुढं कागद कोरा. आमच्याजवळच्या एका गावाचा दावा याच कारणानं परत आला होता: 'नकाशात वनक्षेत्रातून रस्ता दिसून येत नाही.' दिसणार कसा? त्या नकाशाची हद्दच तिथं संपते.

उपाय सोपा आहे. जंगलाच्या पलीकडच्या गावाचाही नकाशा काढा. तिथं त्यांच्या शिवेवरून तशीच दुहेरी रेघ सुरू होताना दिसेल. नकाशाच्या कडेला, जिथं रेघ बाहेर पडते तिथं, बारीक अक्षरात पुढच्या गावाचं नाव लिहिलेलं असतं. एका नकाशाच्या कडेला पलीकडच्या गावाचं नाव आणि पलीकडच्या नकाशाच्या कडेला आपल्या गावाचं नाव, असं जुळलं की मधल्या जंगलातून वाट होती हे कुणालाही मानावं लागतं. मी त्या कडेच्या अक्षरांचा मोबाइलवर जवळून फोटो काढून, मोठा छापून दाव्याला जोडते. अख्खा नकाशा टेबलावर पसरून बघायला अधिकाऱ्याला वेळ नसतो, हे धरूनच चला.

मधला तुकडा भरायला भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट, म्हणजे त्यांच्या नकाशाचं पत्रक, लागते. एक इंचाला एक मैल या मापाच्या जुन्या पत्रकांत जंगलातल्या बंडीवाटा आणि पाऊलवाटा दाखवलेल्या असतात. पत्रकाचा क्रमांक असा शोधा: २० अंश उत्तर अक्षांशाच्या वर आणि ८० अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला असाल तर मालिका ५५. त्याच पट्ट्यात ८० अंशांच्या पूर्वेला गेलात की ६४. २० अंशांच्या खाली पश्चिमेला ५६ आणि पूर्वेला ६५. पत्रकाच्या समासात सर्वेक्षण कोणत्या साली झालं ते छापलेलं असतं. छपाईचं साल वेगळं, सर्वेक्षणाचं वेगळं, आणि दाव्यात सर्वेक्षणाचंच साल लिहायचं.

वनखात्याचे स्वतःचे कागद लोक विसरतात, आणि तेच समोरच्याला खोडता येत नाहीत. विभागाची कार्य आयोजना (जंगलात कुठं काय काम करायचं याची वनखात्याची लेखी योजना) मागा, चालू आहे ती आणि आधीच्याही. तिच्यात लोकांच्या हक्क-सवलतींची माहिती असते आणि सोबत नकाशे असतात. कक्षाचा इतिहास लिहिलेली पत्रकंही मागा. जुन्या कूपाचा (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याचा) माल कोणत्या वाटेनं निघाला याचा उल्लेख मिळाला तर उत्तम.

यानंतर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. निस्तार पत्रकात सरपण, चराई, माती-मुरूम अशा गावाच्या गरजा कुठून आणि कशा भागवायच्या ते लिहिलेलं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६१ पासून ते आहे. गुरं अमुक जंगलात चरायला न्यायची असं पत्रकात असेल, तर तिथपर्यंत जायची वाट त्या हक्कासोबत येते. दाव्यात हे स्पष्ट वाक्यात लिहा.

वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रूढींची नोंद, आणि त्यात रस्त्याच्या हक्काला स्वतंत्र जागा आहे. पण इथं एक खाच आहे. संहितेच्या कलम १६५ प्रमाणे होणारी नोंद सरकारच्या ताब्यात नसलेल्या जमिनीपुरती आहे. म्हणून १९५१ च्या आधीचा, मालगुजारीच्या काळातला वाजिब-उल-अर्ज शोधा. आजचं संरक्षित जंगल तेव्हा मालगुजाराचं होतं, त्यामुळं त्या जंगलातल्या वाटेची रूढी त्या कागदात येऊ शकते. तो तालुक्यात मिळाला नाही तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. कागद जुन्या हस्ताक्षरात असतो. वाचून देणारं माणूस आधीच शोधून ठेवा. निवृत्त पटवारी हे काम आवडीनं करतात.

पक्क्या रस्त्याचा विषय निघाला की सगळं २५ ऑक्टोबर १९८० या तारखेभोवती फिरतं. वन संवर्धन कायदा त्या दिवशी लागू झाला. रस्ता त्याआधीपासून आहे हे दाखवता आलं तर दुरुस्ती आणि सुधारणेचा विचार वेगळ्या नियमांनी होतो. नाही दाखवता आलं तर तो नवा रस्ता. म्हणून १९८० च्या आधीचे कागद वेगळ्या फाइलीत लावा. माझ्या अनुभवात सगळ्यात वजनदार ठरतात ते कामाचे कागद: १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर त्या रस्त्यावर मातीकाम झालं असेल तर त्याची हजेरीपत्रकं, मोजमाप पुस्तकं. कुणाच्या तरी नावानं, कुठल्या तरी तारखेला, त्या रस्त्यावर मजुरी दिली गेली, याहून साधा पुरावा कोणता? जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रस्त्यांची नोंदवही बघा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. त्याआधी आपल्याकडे जनपद सभा होत्या, त्यांच्या रस्त्यांची नोंद पुढं आली असेल तर तीही मागा. १९६१-८१ च्या रस्ते विकास आराखड्यात तुमच्या रस्त्याचा क्रमांक असला तर तो जोडा, पण एकट्या त्यावर विसंबू नका. आराखड्यात 'प्रस्तावित' रस्तेही असतात, आणि समोरचा अधिकारी नेमकं तेच विचारतो. १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा हस्तपुस्तिकेत गावाला दळणवळणाची काय सोय होती त्याचा रकाना आहे, तोही पहा. १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटिअरमध्ये मात्र तुमची गाडवाट शोधत बसू नका, तिथं मोठे रस्तेच भेटतात.

उपग्रहाच्या फोटोंबद्दल कॉलेजची मुलं फार उत्साहानं बोलतात. गूगलवरची जुनी चित्रं बहुतेक २००० नंतरची असतात. वाट अजून वापरात आहे एवढंच त्यांतून दिसतं. अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेरगिरी उपग्रहांचे १९६० ते १९७२ मधले फोटो १९९५ मध्ये खुले झाले आहेत, त्यांत बंडीवाट दिसू शकते. कुणी काढून दिलं तर जोडा. पण वनहक्काच्या नियमांतच लिहिलं आहे की उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळं 'चित्रात दिसत नाही' एवढ्यावर दावा फेटाळला तर तो नियम दाखवा.

आता म्हातारी माणसं. नियमात ज्येष्ठांचा लेखी जबाब हा पुरावा आहे, पण दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचा. दावा आख्ख्या गावाचा असतो, मग गावातलाच म्हातारा बाहेरचा कसा? म्हणून आम्ही पलीकडच्या गावच्या माणसांचे जबाब घेतो. ज्यांची आमच्या गावात सोयरीक आहे, जे आमच्याकडच्या बाजाराला नाहीतर मंडईला (आमच्याकडची जत्रा) त्या वाटेनं यायचे, अशांचे. त्यांना साल विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही, आणि आग्रह केला की चुकीचं साल सांगून मोकळे होतात. गोष्टीवरून विचारा. मालगुजारी गेली तेव्हा वाट होती का? दुष्काळात त्यावर काम झालं का, की आधीच होती? गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आधीची की नंतरची? गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला, म्हणजे १९८० च्या जवळची खूण मिळते. पलीकडच्या गावच्या एका आजोबांनी मला सांगितलं, "मालगुजाराचा धान याच वाटेनं बंडीत भरून टेसनावर जात होता जी, नागपूरच्या लहान गाडीत चढवाले." नागपूर-नागभीड ही तेव्हाची अरुंद रेल्वे १९०८ पासूनची. जबाब त्यांच्याच शब्दांत लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. शुद्ध भाषेत आणू नका. सगळे जबाब एकाच साच्यातले दिसले की त्यांची किंमत जाते.

मग वाट प्रत्यक्ष चाला, वनरक्षकालाही सोबत बोलवा. चालताना काय बघायचं? चाकोरी. बंडीच्या लोखंडी धावेनं मुरूम आणि खडक घासून दोन समांतर खाचा पडतात, आणि त्या ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा अरुंद असतात. आमच्या वाटेवर नाल्याच्या उताराला खडकात अशा खाचा आहेत. त्यांत मी टेप आडवा धरून रुंदी आणि खोली दिसेल असा फोटो काढला. त्याशिवाय नाल्यात उतरायला बसवलेले दगड, वाटेवरचं देवस्थान, पाणी प्यायची विहीर, स्मशानाची जागा. नियमांत पारंपरिक बांधकामं, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थानं ही पुरावा म्हणून नावानिशी आहेत. वनखात्याचे मुनारे (हद्दीचे खांब) कुठं आहेत तेही टिपा. मुनाऱ्यांची ओळ वाटेच्या दोन्ही अंगाला जागा सोडून गेली असेल तर हद्द आखणाऱ्यानंही वाट मानली होती. प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर अक्षांश-रेखांश नोंदवा.

दावा कुठं करायचा? शेताच्या बांधावरच्या रस्त्यासाठी तहसीलदाराकडे कलम १४३ चा अर्ज असतो, तो जंगलाला लागू करायला जाऊ नका, वेळ जातो. जंगलातल्या वहिवाटीसाठी वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक हक्काचा 'ब' नमुना भरा. त्यात निस्तारच्या रकान्यात वाट लिहा आणि 'इतर पारंपरिक हक्क' या रकान्यातही लिहा. कायद्यात निस्तार म्हणताना जमीनदारी आणि तशा मध्यस्थ व्यवस्थेतला वापरही धरला आहे, म्हणून मालगुजारीचा उल्लेख जरूर करा. वाट कुठून निघते, कुठं जाते, कोणत्या कक्षांतून, किती लांब, किती रुंद, कोण वापरतं, कोणत्या कामाला आणि कोणत्या हंगामात, हे सगळं लिहा. किमान दोन प्रकारचे पुरावे हवेत, कारण समित्यांनी एकापेक्षा अधिक पुरावे विचारात घ्यायचे आहेत. बिगर आदिवासी कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते, त्याचे कागद वेगळे लावा.

ग्रामसभेला निम्मी हजेरी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. हे मी मोजूनच करते. रोवणीच्या (धान लावायच्या) दिवसांत सभा ठेवली तर गणपूर्ती होत नाही आणि मागून सह्या गोळा करायचा मोह होतो, तो करू नका. स्थळपाहणीची लेखी सूचना वन आणि महसूल दोन्ही खात्यांना द्या, पोच घ्या. आलेल्या अधिकाऱ्याची सही, हुद्दा, तारीख आणि त्याचं म्हणणं पंचनाम्यावरच घ्या. नंतर दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि अपिलाला ६० दिवस असतात. तो दिवस वहीत लिहून ठेवा.

दावा चालू असताना वाट अडवली तर? राखीव जंगलातला सार्वजनिक रस्ता बंद करायचा अधिकार वनाधिकाऱ्याला कलम २५ ने आहे, पण राज्य सरकारची पूर्वमंजुरी हवी आणि सोयीची पर्यायी वाट आधीपासून असली किंवा करून दिली पाहिजे. भांडू नका, चर बुजवू नका. त्याच दिवशी लेखी विचारा: कलम २५ खालचा आदेश कोणता, तारीख काय, पर्यायी वाट कोणती. त्या पत्राची पोच तुमच्या फाइलीत गेली पाहिजे.

वहिवाट मान्य झाल्यावर पक्क्या रस्त्याची गरज खरंच असेल, तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) आहे. तेरा सार्वजनिक सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. रस्ता त्या तेरांत आहे. अर्ज करणारी यंत्रणा म्हणजे पंचायत किंवा जिल्हा परिषद, ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे प्रस्ताव देते. हिशेब आधीच करा: पावणेचार मीटर रुंदीनं सुमारे २.६ किलोमीटर झाले की एक हेक्टर भरतो, सहा मीटर धरले तर साधारण १.६ किलोमीटरमध्येच. रुंदी वाढवून मागितली की लांबी हातची जाते.

अभयारण्यात, म्हणजे आमच्याजवळ घोडाझरी किंवा ताडोब्याच्या अंगाला, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ वेगळा बघावा लागतो. त्याच्या कलम २७ मध्ये सार्वजनिक महामार्गानं जाणाऱ्याला प्रवेशाची सूट आहे, पण गाडवाट त्यात बसेलच असं नाही. तिथं वकिलाचा सल्ला घ्या. आणि ब्रह्मपुरीकडच्या जंगलात वाघ आहे, माणसं मेली आहेत, जनावरं गेली आहेत. आमच्या दाव्यात आम्ही स्वतःहून लिहिलं की वाट सूर्योदय ते सूर्यास्त वापरू, आजारी आणि बाळंतीण नेताना सोडून. काहींना ते पटलं नाही. मला वाटतं गावानंच ही अट घातली तर ती गावाच्या सोयीची राहते.

हक्कपत्र आलं की ते कपाटात ठेवू नका. मान्य झालेल्या हक्कांची नोंद महसूल आणि वन अशा दोन्ही अभिलेखांत तीन महिन्यांच्या आत व्हायला हवी. पटवाऱ्याला आणि उपवनसंरक्षकांना हक्कपत्राची प्रत जोडून स्वतंत्र अर्ज द्या, आणि विभागाची पुढची कार्य आयोजना तयार होत असताना तिच्या नकाशात ही वाट दाखवावी, अशी ग्रामसभेची मागणी त्याच वेळी पाठवा.